कवीश्वर भास्करभट्ट बोरीकर : स्तुती, निंदा आणि काव्यसेवा

परमार्गात ग्रंथरचना ही केवळ विद्वत्तेची गोष्ट कधीच मानली गेली नाही. श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर भक्तपरिवाराला जो वियोग झाला, त्या वियोगाच्या दुःखातून पंथाचे आद्य वाङ्मय उभे राहिले. म्हाइंभटांनी स्वामींच्या सहवासात राहिलेल्या भक्तांना गाठून लीळा मिळविल्या, त्या नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या आणि नंतरच लेखणीखाली आणल्या. केशिराजबासांनी श्रीमुखीची वचने आणि दृष्टांत एकत्र करून पुढील पिढ्यांच्या हाती दिले. या मंडळींना ग्रंथकार म्हणवून घ्यावयाचे नव्हते. जे हरपले त्याचे स्मरण टिकावे, एवढीच त्यांची आर्ती होती. नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे स्मरण हे साधकाचे नित्यकर्म होय. ग्रंथरचना हा त्या स्मरणाचाच एक विस्तार होता. ज्या काळी आणि ज्या मंडळींमध्ये अशी दृष्टी होती, त्याच काळी आणि त्याच मंडळींमध्ये भास्करभट्ट बोरीकर वावरले. त्यांचे जीवन या दृष्टीने पाहिले म्हणजेच त्याचे मर्म उकलते.

आजच्या परभणी जिल्ह्यातील बोरी हे भास्करभट्टांचे गाव. बोरीकर हे उपनाम त्यावरून पडले. ते संस्कृताचे गाढे पंडित होते. काव्य, अलंकार, पुराणे यांचा त्यांचा व्यासंग किती खोल होता, याची साक्ष त्यांच्या मराठी रचनेत पानोपानी मिळते. तो काळ देवगिरीच्या यादवांचा. रामदेवराव यादवाची कारकीर्द 1271 ते 1311 अशी चाळीस वर्षांची. राजसभेत पंडितांना मान होता, दान होते, आणि संस्कृतज्ञ माणसाला प्रतिष्ठेचे सर्व मार्ग मोकळे होते. हे मार्ग बाजूस ठेवून भास्करभट्ट नागदेवाचार्यांच्या चरणांशी आले आणि त्यांनी अनुसरण घेतले. भिक्षान्न, अटन, विजन आणि स्मरण हा निवृत्तीचा आचार त्यांनी पत्करला. मान्यता ज्याच्या घरी चालून आली असती, त्याने दारोदार भिक्षेची झोळी पसरण्याचे व्रत घ्यावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. भिक्षुकाला एका दारी आदराने अन्न मिळते आणि दुसऱ्या दारी कठोर शब्द मिळतात. दोन्ही दारे ओलांडून त्याला स्मरण अखंड राखावयाचे असते. भास्करभट्टांना स्तुतिनिंदेचा पहिला पाठ असा या आचारातूनच मिळाला. काव्याच्या निमित्ताने आलेला पाठ त्यानंतरचा.

नागदेवाचार्यांची भाषेविषयीची भूमिका येथे ध्यानी घेतली पाहिजे. केशिराजबासांसारख्या संस्कृतज्ञाने स्वामींचे वचन संस्कृतात आणण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा आचार्यांनी त्यांना आवरले. स्वामींनी धर्म मराठीत सांगितला होता, आणि तो संस्कृतात बांधला असता पंथातील साध्यासुध्या वृद्ध स्त्रिया त्याला मुकल्या असत्या, हे त्यामागील कारण. लेखकाने प्रथम पाहावयाचे ते कोणासाठी लिहावयाचे हे. आपल्याला कोणती विद्या अवगत आहे, याचा विचार त्यानंतरचा. आचार्यांच्या या निर्णयात संस्कृताचा अनादर नव्हता, जिच्यासाठी ग्रंथ करावयाचा त्या म्हातारीचा आदर होता. ज्या आचार्यांनी हा निर्णय दिला, त्यांच्याच छायेत भास्करभट्टांची लेखणी मराठीकडे वळली. संस्कृत स्तोत्ररचना त्यांनी केली, श्रीकृष्णवियोगाने व्याकुळ झालेल्या अर्जुनाचा शोक सांगणारे नरविलापस्तोत्र त्यांच्या नावावर प्रसिद्ध आहे. परंतु त्यांचे दोन्ही मोठे काव्यग्रंथ मराठी ओवीत आहेत.

त्याच काळातील दुसरी एक घटना पंथात आदराने सांगितली जाते. नरेंद्र कवीने रुक्मिणीस्वयंवराचे काव्य रचिले आणि ते रामदेवरावाच्या सभेत वाचिले गेले. राजा इतका संतुष्ट झाला की, हे काव्य आपल्या नावावर असावे अशी इच्छा त्याला झाली, आणि त्यासाठी विपुल सुवर्ण देण्याची त्याची तयारी होती. नरेंद्राने ते नाकारले. कविकुळाला बोल लागेल असे कृत्य त्याच्याने होईना. काव्याचा मोठा भाग राजाकडेच राहिला, आणि कवीच्या हाती सुमारे नऊशे ओव्या उरल्या. पुढे नरेंद्राने नागदेवाचार्यांपाशी अनुसरण घेतले. येथे स्तुती हीच संकट होऊन आली होती. राजाने काव्याला नावे ठेवली असती, तर नरेंद्राची परीक्षा कदाचित एवढी कठीण झाली नसती. राजाची स्तुती मोल घेऊन आली, आणि त्या मोलापायी काव्य आपल्या उगमापासून तुटले असते. जे प्रेमाने निर्माण झाले ते विकता येत नाही, हे नरेंद्राने आपले काव्य अपुरे राहू देऊन दाखविले.

नरेंद्राची परीक्षा राजसभेत झाली. भास्करभट्टांची परीक्षा घरात, म्हणजे आपल्याच गुरुकुळात झाली. राजसभेतील परीक्षा डोळ्यांना दिसते, तिची कथा होते, ती ऐकून श्रोते धन्य धन्य म्हणतात. घरातील परीक्षेचा गाजावाजा होत नाही. म्हणूनच ती अधिक सूक्ष्म असते.

भास्करभट्टांनी प्रथम शिशुपालवधाची रचना केली. कथा सर्वश्रुत आहे. युधिष्ठिराने राजसूय यज्ञ केला. त्यात अग्रपूजेचा मान श्रीकृष्णचक्रवर्तींना देण्यात आला. चेदिराज शिशुपालाला ते सहन झाले नाही, आणि भर सभेत त्याने श्रीकृष्णांची निर्भर्त्सना केली. आत्याला दिलेल्या वचनामुळे त्याचे शंभर अपराध सहन केल्यानंतर श्रीकृष्णांनी सुदर्शनाने त्याचा वध केला. भागवताच्या दशम स्कंधात ही कथा आहे, महाभारताच्या सभापर्वात आहे, आणि सातव्या शतकातील माघ कवीने तिच्यावर वीस सर्गांचे संस्कृत महाकाव्य रचिले आहे. माघाच्या काव्यात मूळ कथेइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, वर्णनांना स्थान मिळाले आहे : रैवतक पर्वत, सहा ऋतू, वनविहार, जलक्रीडा, चंद्रोदय, यादवांचे विलास. हा सर्व वारसा भास्करभट्टांपुढे होता. त्यांनी एक हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ सिद्ध केला आणि त्यात श्रीकृष्ण-रुक्मिणी यांच्या प्रेमविलासाचे वर्णन मोठ्या हौसेने व विस्ताराने केले.

या कथेचा विषयच मुळी स्तुती आणि निंदा हा आहे, ही गोष्ट मननीय होय. एकाच सभेत, एकाच घटकेला, एकाच पुरुषाला अग्रपूजा मिळते आणि शिव्याशापही मिळतात. माघाने तर सोळाव्या सर्गात शिशुपालाच्या दूताच्या मुखी असे भाषण घातले आहे की, त्याचा एक अर्थ घेतला तर ते नम्र विनवणी ठरते आणि दुसरा घेतला तर उघड अपमान. शब्द तेच, स्तुतीही तीच आणि निंदाही तीच. श्रीकृष्ण परमेश्वर असल्याने अग्रपूजेने त्यांच्या ठायी काही वाढले नाही आणि शिशुपालाच्या शब्दांनी काही घटले नाही. सभेतील राजे मात्र हर्षाने आणि क्रोधाने खालीवर झाले. या प्रसंगाचे काव्य करणाऱ्या कवीवरच पुढे तसा प्रसंग यावा, हा योग विलक्षण होय. कवी परमेश्वर नव्हता, जीव होता. परमेश्वराला जे सहज, ते जीवाला साधावे लागते.

ग्रंथ पूर्ण झाल्यावर तो भास्करभट्टांच्या ज्येष्ठ गुरुबंधूंच्या दृष्टीस पडला. त्यांनी दिलेला अभिप्राय परंपरेने जपून ठेवला आहे. तो अगदी थोडक्यात आहे. ग्रंथ चांगला झाला आहे, हे त्यांनी प्रथम मान्य केले. त्यानंतर त्यांनी सांगितले की, तो निवृत्तांना योग्य असा झालेला नाही. शृंगाराची रुची असलेल्या प्रवृत्तांना तो शोभेल. एवढाच तो अभिप्राय. त्यात कवीच्या विद्वत्तेवर आक्षेप नाही, छंदोदोष दाखविलेला नाही, कोठे उपहास नाही. तरीही निवृत्तिमार्गात आयुष्य वाहून दिलेल्या कवीला याहून भेदक बोल दुसरा लागला नसता. तुझे काव्य वाईट आहे असे कोणी म्हटले असते, तर त्यावर सुधारणेचा उपाय होता. तुझे काव्य उत्तम आहे, परंतु ज्यांच्यासाठी तू घर सोडून आलास त्यांच्या ते उपयोगाचे नाही, असे म्हटल्यावर कवीने काय करावे?

अशा वेळी मनुष्याचे मन दोन दिशांना धावते. पहिली दिशा अभिप्रायाच्या पूर्वार्धाला चिकटून राहण्याची. ग्रंथ चांगला झाला, एवढेच ऐकू येते. उरलेले मत्सराचे किंवा अरसिकतेचे बोल वाटू लागतात. भास्करभट्टांना आपल्या बाजूने पुष्कळ बोलता आले असते. श्रीकृष्ण हे परमेश्वरावतार, त्यांच्या लीळा निर्दोष, मग त्यांच्या विलासाच्या वर्णनाने दोष कसा लागेल, असा वाद त्यांना घालता आला असता. भागवताचा आधार होता, माघाचा दाखला होता, अलंकारशास्त्राचे पाठबळ होते. शास्त्रार्थात ते कोणाला हार गेले असते असे वाटत नाही. दुसरी दिशा अभिप्रायाच्या उत्तरार्धाने खचून जाण्याची. ज्याला गुरुकुळाने निवृत्ताजोगा म्हटले नाही तो ग्रंथ ठेवावा कशाला, असे म्हणून पोथी अग्नीत किंवा जळात सोडावी, लेखणी कायमची खाली ठेवावी, आणि ते वैराग्याचे लक्षण म्हणून मिरवावे. वरवर पाहता हे दोन मार्ग परस्परविरुद्ध दिसतात. मूळ मात्र एकच. पहिल्यात अहंकार स्तुतीने पुष्ट होतो, दुसऱ्यात तो निंदेने दुखावतो. दोन्हींत ग्रंथाचा विषय बाजूस राहतो आणि ग्रंथकार मध्ये येऊन उभा राहतो.

भास्करभट्टांनी यांपैकी काहीच केले नाही. शिशुपालवधाची पोथी त्यांनी नष्ट केली नाही; ती आजही उपलब्ध आहे. परंपरेने त्यांचा काही वादविवाद जपला नाही. जपला तो त्यांचा दुसरा ग्रंथ. गुरुबंधूंच्या अभिप्रायाला त्यांनी दिलेले उत्तर म्हणजे उद्धवगीता होय.

या दुसऱ्या ग्रंथासाठी त्यांनी भागवताचा एकादश स्कंध निवडला. ही निवड सहज झालेली नाही. दशम स्कंधात श्रीकृष्णांच्या लीळांचा बहर आहे. एकादश स्कंधात निरोपाची घटिका आहे. यादवकुळाला शाप लागला आहे, द्वारका सोडण्याचा दिवस जवळ आला आहे, आणि उद्धवदेवांना कळून चुकले आहे की, आता वियोग अटळ आहे. त्या घटकेला श्रीकृष्ण उद्धवदेवांना ज्ञान, वैराग्य आणि भक्ती यांचे निरूपण करतात. पहिल्या ग्रंथात कवीची लेखणी संयोगाच्या सुखात रमली होती. दुसऱ्यात ती वियोगाच्या दारी येऊन बसली. आणि वियोग हीच तर भास्करभट्टांच्या पिढीची खरी भूमी होती. स्वामी गेले, श्रीप्रभू गेले, आणि त्यांच्या लीळांचे स्मरण करीत भक्तपरिवार राहिला. अशा परिवाराला उद्धवदेवांच्या मनःस्थितीहून अधिक जवळची दुसरी कोणती कथा असणार? गुरुबंधूंनी निवृत्ताला योग्य असे काही मागितले होते. कवीने निवृत्ताच्या हृदयात जे दुःख होते तेच उचलून काव्यात ठेवले.

एकतीस अध्यायांच्या या स्कंधात अशी कित्येक स्थळे आहेत की, स्तुतिनिंदेने ज्याचे मन ढवळले आहे अशा ग्रंथकाराने ती पुन्हा पुन्हा वाचावीत. अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत बाण घडविणारा एक कारागीर आहे. तो आपल्या कामात इतका गढून गेला होता की, जवळून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला तिची वार्ता नव्हती. त्या कारागिराने राजाचा तिरस्कार केला नव्हता. त्याचे सर्व चित्त बाणाच्या टोकाशी होते. राजाकडे पाहण्यास मागे काही उरलेच नव्हते. प्रेमाने केलेल्या श्रमाचे हेच लक्षण होय. स्तुतीकडे पाठ फिरविण्याचा प्रयत्न जो करतो, त्याचे लक्ष अजून स्तुतीवरच असते. कामात बुडून गेलेल्याला तो प्रयत्न करावा लागत नाही.

त्याच स्कंधाच्या तेविसाव्या अध्यायात अवंतीच्या भिक्षूची कथा येते. आयुष्यभर कृपणपणे साठविलेले धन गेल्यावर तो ब्राह्मण विरक्त होऊन भिक्षेला निघाला. लोकांनी त्याची पूर्वीची कृपणता ध्यानी ठेवून त्याचा छळ मांडला. कोणी त्याचा दंड ओढावा, कोणी पात्र हिरावून घ्यावे, कोणी तो ढोंगी आहे असे म्हणून हसावे. त्याने विचार करून असे ठरविले की, आपल्या सुखदुःखाला हे लोक कारण नाहीत, ग्रहही नाहीत आणि काळही नाही. आपले मनच हे चक्र फिरविते. पुढे अठ्ठाविसाव्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्ण उद्धवदेवांना सांगतात की, दुसऱ्याच्या स्वभावाची आणि कर्माची साधकाने स्तुतीही करू नये आणि निंदाही करू नये. येथे उपदेशाची बाजू पालटते. आपल्याला मिळणारी स्तुतिनिंदा कशी सोसावी हे भिक्षूच्या कथेत आले. आपण दुसऱ्याला काय द्यावे हे येथे आले. ज्या कवीने नुकताच आपल्या ग्रंथावरील अभिप्राय ऐकला होता, त्याने या स्कंधाची सेवा हाती घ्यावी, यात त्याच्या साधनेची दिशा दिसते. दुखावलेले मन औषध शोधते. भास्करभट्टांनी ते औषध स्वतः घेऊन न थांबता ओवीबद्ध करून सर्वांस वाटले.

उद्धवगीतेच्या आठशेंहून अधिक ओव्यांत शांतरसाला प्राधान्य आहे. एकादश स्कंधावर पुढे पैठणच्या एकनाथांनी 1573 मध्ये काशी येथे विशाल टीका पूर्ण केली. तिच्या ओव्या अठरा हजारांहून अधिक आहेत, आणि महाराष्ट्राच्या घरोघरी तिचे पारायण झाले. त्याच स्कंधाला सुमारे अडीचशे वर्षे आधी मराठी ओवीत आणण्याचे कार्य भास्करभट्टांनी केले होते, याची जाणीव मात्र मराठी वाचकांस फार उशिरा झाली.

पुढे नागदेवाचार्य व बाइदेवबास यांच्यानंतर पंथाची धुरा भास्करभट्टांकडे आली. हा क्रमही विचारणीय आहे. ज्याच्या पहिल्या ग्रंथाला निवृत्ताजोगा नाही असे म्हटले गेले, त्याच पुरुषाकडे निवृत्तांना वाट दाखविण्याचे काम सोपविले गेले. त्या अभिप्रायाने त्यांच्या अधिकाराला बाध आला नाही. तो ज्या रीतीने त्यांनी स्वीकारला त्यावरून त्यांचा अधिकार कळून आला. आचार्याला नित्य दुसऱ्याचे दोष दाखवावे लागतात. ज्याला स्वतःचा दोष ऐकता आला नाही, त्याच्या मुखातून दुसऱ्याचा दोष निघाला की तो शस्त्रासारखा लागतो. पंथाने त्यांना कवीश्वर म्हटले, आणि तेच नाव धारण करणारा कवीश्वर आम्नाय आजही पंथात प्रमुख आम्नायांपैकी एक आहे. काव्यातील रमणीयतेचा आग्रह ज्याने स्वेच्छेने सोडला, त्याच्याच नावापुढे काव्याचे ईश्वरपण कायमचे जोडले गेले.

भास्करभट्टांच्या ग्रंथांना पुढे मिळालेली गती हीदेखील या विषयाचाच भाग होय. पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बांधले गेले आणि सुमारे सहाशे वर्षे ते मठांतून व साधूंच्या झोळ्यांतून सांभाळले गेले. या सहा शतकांत बाहेरच्या जगाने या काव्यांची स्तुती केली नाही, कारण ती त्याला ठाऊकच नव्हती. पंथाविषयी अपसमज आणि कुत्सित बोल मात्र भरपूर होते. तरीही एका साधूने जुनी पोथी समोर ठेवावी, नव्या कागदावर एकेक ओवी उतरवावी, आपले आयुष्य संपताच ती शिष्याच्या हाती द्यावी, असा क्रम अखंड चालला. त्या लेखनिकांची नावे आज कोणाच्या मुखी नाहीत. काव्य करणे हा जसा प्रेमाचा श्रम होता, तसाच ते उतरून ठेवणे हाही होता. किंबहुना त्यात स्तुतीची आशाही नव्हती. भास्करभट्टांचे यश त्यांच्या लेखणीचे जेवढे आहे, तेवढेच त्या अनाम हातांचे आहे.

विसाव्या शतकात या लिप्यांचा उलगडा झाला, ग्रंथ मुद्रित झाले आणि मराठीचे अभ्यासक चकित झाले. विद्यापीठांतून प्राचीन मराठी काव्य शिकविले जाऊ लागले. शिशुपालवधातील शृंगार, अलंकार आणि वर्णनसौंदर्य यांचे या अभ्यासकांनी कौतुक केले. ज्या गुणामुळे गुरुबंधूंनी ग्रंथाला मर्यादा दाखविली होती, तोच गुण नव्या काळात गौरवाचे कारण ठरला. यावरून गुरुबंधूंचे चुकले असे कोणी म्हणेल, तर ते बरोबर होणार नाही. त्यांनी ग्रंथ प्रवृत्तांना शोभेल असे सांगितले होते, आणि प्रवृत्तांच्या विद्यालयांत तो शोभला. त्यांचे वचन खरेच ठरले. श्रीचक्रधरस्वामींच्या दृष्टांतात जन्मांध लोक हत्तीला हात लावून पाहतात. ज्याच्या हाती जो अवयव लागला, त्याला तेवढाच हत्ती वाटतो. ग्रंथाविषयीच्या अभिप्रायांचेही तसेच होय. रसिकाच्या हाती रस लागतो, साधकाच्या हाती साधन लागते. दोघांनाही खोटे म्हणता येत नाही, परंतु दोघांच्याही मुठीत हत्ती मावत नाही. ज्या ग्रंथकाराला हे कळले, तो कोणत्याही एका मुठीतील अभिप्रायाला आपला सर्वस्वी निवाडा मानीत नाही.

गुरुबंधूंच्या वागण्यातूनही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. कारण निंदा सोसणे जसे कठीण, तसे दोष दाखविणेही कठीण. त्यांनी ग्रंथ पाहिला, आणि नंतर मत दिले. जे चांगले होते ते प्रथम सांगितले, आणि ते कंजूषपणे सांगितले नाही. दोष सांगताना कवीला हिणविले नाही. ग्रंथ कोणाला योग्य आणि कोणाला अयोग्य एवढेच नेमके दाखविले. जे बोलावयाचे ते कवीपाशीच बोलले. आज पंथात प्रवचनकार, टीकाकार आणि कवी यांची उणीव नाही. कोणाच्या प्रवचनाला वासनिकांची दाटी होते, कोणाच्या ग्रंथाला विद्वानांची मान्यता मिळते, आणि त्याच वेळी मागे कुजबुजही चालते. तोंडावर अमर्याद स्तुती आणि पाठीमागे अमर्याद निंदा, अशी रीत जेथे पडते तेथे ग्रंथकार सुधारत नाही आणि श्रोताही सुधारत नाही. गुरुबंधूंनी समोर बोलण्याचे धैर्य दाखविले आणि भास्करभट्टांनी ऐकण्याचे धैर्य दाखविले. या दोन धैर्यांतून उद्धवगीता जन्मली. यांतले एक जरी उणे पडले असते, तरी पंथाला एकच ग्रंथ मिळाला असता.

पंथाने पुढे सात काव्यग्रंथ विशेष मानाचे म्हणून एकत्र गणले. नरेंद्राचे रुक्मिणीस्वयंवर, दामोदर पंडितांचे वत्साहरण, विश्वनाथ बाळापूरकरांचा ज्ञानप्रबोध, रवळोव्यासांचे सह्याद्रिवर्णन आणि नारोव्यास बहाळिये यांचे ऋद्धिपूरवर्णन यांच्या जोडीला त्यांत भास्करभट्टांचे दोन्ही ग्रंथ आहेत. ज्याची वाखाणणी होऊनही ज्याला मर्यादा दाखविली गेली तो शिशुपालवध आणि त्या मर्यादेतून उद्भवलेली उद्धवगीता, असे दोन्ही एकाच मालिकेत बसले आहेत. परंपरेने एकाला स्वीकारून दुसऱ्याला टाकले नाही. पहिल्या ग्रंथात कवीचे प्रेम होते. दुसऱ्या ग्रंथात ते प्रेम ज्यांच्यासाठी होते त्यांच्यापर्यंत पोहोचले. ज्या साधकाला वा वासनिकाला कवीश्वरांचे चरित्र समजून घ्यावयाचे असेल, त्याने हे दोन्ही ग्रंथ लागोपाठ वाचावेत. शिशुपालवधाची शेवटची ओवी संपवून उद्धवगीतेची पहिली ओवी उघडताना जी क्षणभर शांतता लाभते, तिच्यात भास्करभट्टांचे सारे मौन उत्तर साठविलेले आहे.